नागपूरहून अंदमानला: पोर्ट ब्लेअर आणि आजूबाजूला काय पाहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. संध्याकाळी भुट्टा खायचा, वारा घ्यायचा आणि घरी यायचं. त्यामुळे आम्ही तीनदा अंदमानला जाऊन आलो हे कॉलनीत कळल्यापासून दर दिवाळीआधी तेच ते प्रश्न येतात. फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. एक आधीच सांगतो: बहुतेक लोक पोर्ट ब्लेअरला बसस्टँडसारखं वापरतात. विमानातून उतरले की जहाज पकडून हॅवलॉक. माझं सगळं म्हणणं याच्या उलट आहे, तेव्हा उत्तरं त्या बाजूला झुकलेली वाटतील. वाटू द्या.

पोर्ट ब्लेअर म्हणायचं की श्री विजय पुरम?

दोन्ही एकच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नाव बदलून श्री विजय पुरम केलं. रिक्षावाले, दुकानदार अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही सवयीने तेच लिहिलंय. बेटांची नावं त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये बदलली: हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिकीट काढताना दोन्ही नावं डोक्यात ठेवा, नाहीतर ‘स्वराज द्वीपचं तिकीट आहे, हॅवलॉकचं कुठाय?’ म्हणून जेट्टीवर भांडण व्हायचं. आमच्या ग्रुपमध्ये झालंय.

नागपूरहून जायचं कसं?

थेट विमान नाही. कोलकाता किंवा चेन्नई गाठायचं आणि तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. मधला वेळ जास्त ठेवा, कारण एक विमान उशिरा आलं की पुढचं गेलंच. पैसे वाचवायचे तर गीतांजलीने हावड्याला किंवा जी.टी. अथवा तामिळनाडू एक्सप्रेसने चेन्नईला जा, रात्र तिथे काढा आणि सकाळचं विमान घ्या. आम्ही पहिल्यांदा असंच गेलो होतो, डब्यात पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन.

कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजंही जातात. ऐकायला भारी वाटतं, पण साधारण तीन दिवस लागतात. ज्याने आयुष्यात गोसीखुर्दपलीकडे पाणी पाहिलेलं नाही, त्याने हा प्रयोग परतीसाठीसुद्धा करू नये.

तिथल्या विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली नवी इमारत वरून शिंपल्यासारखी दिसते, तेव्हा खिडकीची जागा मागून घ्या.

कधी जावं? उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत जमेल का?

डिसेंबर मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तम. फेब्रुवारीत समुद्र सगळ्यात शहाणा असतो.

मेचं म्हणाल, तर दरवर्षी पेपरात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते ना? आपल्याकडे नवतपा सुरू व्हायच्या बेतात असतो, कूलरमध्ये पाणी ओतून कंबर मोडलेली असते, तेव्हा ती वाचून जिवाला बरं वाटतं. पण तुम्ही त्या बातमीच्या आत उभे असाल तर बरं वाटत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस तिथे पोचतो, समुद्र खवळतो आणि बोटी रद्द व्हायला लागतात. शाळेला सुट्टी लागल्या लागल्या, एप्रिलअखेर निघालात तर चालेल. उकाडा असेल, पण तो घामाचा. आपल्यासारखा कातडी भाजणारा नाही.

दिवाळीच्या सुट्टीतही जरा सांभाळून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. शेवटच्या बोटीच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा टाका.

किती दिवस लागतात, आणि कुठे किती?

सात रात्री धरा. टूरवाले पोर्ट ब्लेअरला दोन आणि हॅवलॉकला तीन देतात. मी उलटं सांगीन: पोर्ट ब्लेअरला चार, हॅवलॉकला दोन, नीलला एक. समुद्रकिनारा पाहायला हॅवलॉक आहेच, पण ज्या गोष्टींसाठी आपल्या घरात ‘अंदमान’ हा शब्द लहानपणापासून ऐकलाय, त्या सगळ्या गावाच्या वीस-तीस किलोमीटरच्या आत आहेत.

तिथे खरंच पाच वाजता अंधार पडतो का?

पडतो. ही गोष्ट नीट समजून घेतली नाही तर निम्मी सहल वाया जाते, म्हणून जरा लांबण लावतो.

भारतभर घड्याळ एकच, पण सूर्याला त्याचं काय? नागपूर साधारण ७९ अंश रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जरा अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे सूर्य डोक्यावर यायच्या वेळेत दोन्ही गावांत सुमारे ५५ मिनिटांचा फरक. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचनंतर सूर्य मावळतो, तिथे पाचच्या सुमारास. सकाळी आपण पावणेसातला उजाडायची वाट पाहतो, तिथे साडेपाचलाच लख्ख.

पहिल्या खेपेला आम्ही नागपुरी हिशोबाने वागलो. दुपारी जेवलो, ताणून दिली, चार वाजता चहा घेतला आणि चिडिया टापूचा सूर्यास्त पाहायला निघालो. पोचलो तेव्हा टॅक्सीचे दिवे लागलेले होते. समुद्राचा नुसता आवाज. बायको म्हणाली, ‘छान आहे, अगदी सावनेर रोडसारखं दिसून राहिलं.’ तेव्हापासून नियम केला: पहाटे साडेचारला उठायचं, साडेतीनला दिवसाची शेवटची जागा गाठायची आणि आठला झोपायचं. तीन दिवस अवघड जातं, मग आवडायला लागतं.

सेल्युलर जेलला किती वेळ द्यावा?

अर्धा दिवस तरी. तासाभरात फोटो काढून बाहेर पडणारे गट पाहिले की वाईट वाटतं.

१८९६ ते १९०६ या दहा वर्षांत हा तुरुंग बांधला. मधोमध मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये अशी रचना. प्रत्येक कैदी एकटा, म्हणूनच नाव सेल्युलर. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद, झरोका डोक्याच्या बऱ्याच वर. कडीची खुंटी दारात नाही, बाहेरच्या भिंतीत खोबण करून दूरवर बसवलेली. आतून हात घालून ती कशी गाठता येईल, हे मी गजांतून हात काढून पाहिलं. बोटं अधांतरी राहतात.

विनायक दामोदर सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला, पुढे जादा दार लावलेली, आणि खाली फाशीघर. मोठे बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. मराठी माणूस इथपर्यंत येतो, नमस्कार करतो आणि वळतो. वळू नका. बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, भाई परमानंद, नंतरच्या काळात बटुकेश्वर दत्त, अशी कितीतरी माणसं या भिंतींत होती. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने दूध घालताना महावीर सिंह यांचा जीव गेला, आणखी दोघे त्याच उपोषणात गेले. १९३७ मध्ये पुन्हा उपोषण झालं, तेव्हा कुठे राजकीय कैद्यांना मुख्य भूमीवर परत न्यायला सुरुवात झाली. मनोऱ्यात प्रांतवार नावांच्या पाट्या आहेत, त्या वाचायला वेळ ठेवा.

अंगणात कोलू ठेवलाय. आमच्या मुलाने तो फिरवून पाहायचा हट्ट धरला. त्याला सांगितलं, यावर दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावायचे, बैलाच्या जागी माणूस जुंपून. मग तो गप्प झाला.

संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. हिंदीचा खेळ कोणत्या वारी आहे ते पाहून तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी मिळत नाही. दिवसा जेल पाहून मगच रात्री जा. कोणती खिडकी कुणाची हे ठाऊक असलं की अंधारात ती आपोआप शोधली जाते.

रॉस आणि नॉर्थ बे एकाच दिवशी होतात का?

होतात, सगळे तसंच करतात. अॅबर्डीन जेट्टीहून बोट मिळते. रॉस तर समोरच, दहा-पंधरा मिनिटांवर. बुधवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

बोटवाले घाई करतात आणि नॉर्थ बेला जास्त वेळ देतात, कारण पैसा तिथल्या पाण्याच्या खेळांत आहे. माझा जीव मात्र रॉसमध्ये. ब्रिटिशांचं मुख्य ठाणं इथे होतं. पावभट्टी, चर्च, टेनिसचं मैदान, साहेबांचे बंगले, सगळं कैद्यांच्या घामावर उभं केलेलं. १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, १९४२ मध्ये जपानी आले आणि साहेब गेले. आता त्या विटांवर वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळ्यांची जाळी विणली आहे. काही भिंती त्या मुळ्यांनीच धरून ठेवल्यात, झाड काढलं तर भिंत पडेल. हरणं अंगाशी येतात, मोर फिरतात. मुलांना आवडतं, पण चिप्स खायला घालू देऊ नका.

वीस रुपयांच्या नोटेवरचं चित्र तिथलंच ना?

हो, जुन्या लालसर नोटेच्या मागचं. नॉर्थ बेचा दीपस्तंभ आणि नारळाची झाडं. २०१९ च्या नव्या हिरवट-पिवळ्या नोटेवर समुद्र जाऊन आपलं वेरूळ आलं. घरात जुनी नोट असेल तर सोबत न्या, ताडून पाहायला मजा येते.

डोंगरावर जायचं आहे. माउंट हॅरिएट पाहण्यासारखं आहे का?

आहे. त्याचं नाव आता माउंट मणिपूर. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर तिथल्या लढवय्यांना इथे काळ्या पाण्यावर धाडलं होतं, म्हणून २०२१ मध्ये हे नाव दिलं. चॅथमहून गाड्या नेणारी फेरी बांबूफ्लॅटला जाते, पुढे रस्ता वर चढतो.

इथे नागपूरकरांसाठी एक धागा आहे. आपण ज्याला रोज ‘मेयो’ म्हणतो, त्या हॉस्पिटलच्या नावातले लॉर्ड मेयो भारताचे व्हाइसरॉय होते. ८ फेब्रुवारी १८७२ ला ते याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला चढले. उतरून पायथ्याच्या होपटाउनच्या धक्क्यावर पोचेपर्यंत अंधार झाला, आणि त्या अंधारात शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना सुऱ्याने भोसकलं. शेर अलीला जवळच्या वायपर बेटावर फाशी दिली. लवकर अंधार पडतो हे मी उगाच सांगत नाही.

गावातल्या गावात आणखी काय?

चॅथमची सरकारी लाकूड गिरणी बघाच. १८८३ पासूनची, आशियातल्या जुन्या आणि मोठ्या गिरण्यांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा खड्डाही आवारात राखून ठेवलाय. पडौकचं लालभडक लाकूड आणि ताज्या भुशाचा वास घरी आल्यावरही आठवतो. मानववंश संग्रहालय छोटं आहे, पण बेटांवरच्या जमाती समजून घ्यायला तेच योग्य ठिकाण. नौदलाचं समुद्रिका संग्रहालय मुलांसाठी. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिरंगा फडकवला तो प्रसंगही याच गावातला, त्याची आठवण म्हणून किनाऱ्यावर उंच झेंडा आहे. तिथे संध्याकाळी सगळं गाव फिरायला येतं. आपल्या फुटाळ्यासारखंच, फक्त समोर पाणी संपत नाही.

कॉर्बिन्स कोव्ह हा गावाजवळचा किनारा. जपानी बंकर आहेत, बाकी ठीकठाक.

चिडिया टापू की वंडूर?

सूर्यास्तासाठी चिडिया टापू, गावापासून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला. चारच्या आधी पोचा, मी का सांगतोय ते वर वाचलंच आहे.

वंडूर वेगळ्या कारणासाठी. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या बोटी तिथून सुटतात. जॉली बॉय बेट साधारण नोव्हेंबर मध्यापासून मे मध्यापर्यंत उघडं, उरलेल्या काळात रेड स्किन, म्हणजे प्रवाळांना आळीपाळीने विश्रांती. सोमवारी बंद. परवाना आदल्या दिवशीच काढून ठेवा. प्लास्टिक न्यायला मनाई आहे, बिस्किटाचा पुडासुद्धा चालत नाही, तेव्हा पाणी आणि डबा स्टीलमध्ये. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात ते इथेच सगळ्यात छान. बेटावर एकही दुकान नाही, हे मला त्याचं सर्वांत मोठं सौंदर्य वाटलं. आमच्या मेव्हण्याला नाही वाटलं, त्याला चहा हवा होता.

बाराटांगला जावं का?

हा प्रश्न अवघड आहे. चुनखडीच्या गुहा, खारफुटीच्या बोगद्यातून जाणारी बोट, चिखलाचा ज्वालामुखी, सगळं खरंच पाहण्यासारखं. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठराविक वेळी पोलिसांसोबत ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाचा, म्हणजे हॉटेल पहाटे साडेतीन-चारलाच सोडायचं. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हे सगळं गुन्हा आहे.

काही टॅक्सीवाले ‘जारवा दिखेगा’ म्हणून गिऱ्हाईक ओढतात. तसं कुणी बोललं तर ती टॅक्सी घेऊ नका. माणसं पाहायला माणसं जाणार, हे काय ताडोबा आहे का? आम्ही एकदा गुहांसाठी गेलो. परत येताना खिडकीबाहेर पाहायचीच लाज वाटत होती. पुन्हा गेलो नाही. सोबतच्या आई-बाबांना तर हा बारा-तेरा तासांचा प्रवास अजिबात देऊ नका.

हॅवलॉक आणि नीलबद्दल थोडक्यात?

खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोट स्वस्त पण सावकाश. राधानगरचा किनारा २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटला होता, आणि पांढरी वाळू पायाखाली आली की वाद घालावासा वाटत नाही. एलिफंट बीच स्नॉर्केलिंगसाठी. नील त्याहून शांत, भाजीपाला पिकवणारं बेट. ओहोटीच्या वेळी नैसर्गिक दगडी पुलापर्यंत चालत जाता येतं. भरतीला गेलात तर फक्त पाणी.

पोहता येत नाही. स्कुबा होईल?

होईल, प्रशिक्षक हात धरून नेतो. दमा, हृदयविकार असेल तर लपवू नका. आणि पाण्याखाली जाऊन आल्यावर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नका, म्हणून हा कार्यक्रम सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवायचा नाही. काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनेचे फलक असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत, तेव्हा जाळीच्या किंवा खुणेच्या पलीकडे शौर्य दाखवू नका.

आईचे गुडघे दुखतात, नेऊ का?

न्या. माझी आई सत्तरीत होती. जेलच्या जिन्यांवर जपून, रॉसला बॅटरीची गाडी मिळते. खरा त्रास बोटीत चढ-उतार करताना होतो, तिथे दोन्ही बाजूंनी धरायला माणूस हवा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि निघण्याआधी पोटभर तर्री-पोहे खाल्ल्यासारखा नाश्ता करू नका.

शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील?

पोर्ट ब्लेअरला अजिबात नाही. तमिळ इडली-डोसा, बंगाली वरण-भात, पंजाबी थाळी, सगळं मिळतं. बेटांवर पर्याय कमी होतात आणि भाजी महाग. मासे खाणाऱ्यांची चंगळ, फक्त सावजीच्या तिखटाची अपेक्षा ठेवू नका. लसणाची चटणी सोबत न्या.

मराठी चालेल?

हिंदी चालते आणि आपली नागपुरी हिंदी तर फारच चालते. एका टॅक्सीवाल्याने ‘नागपूर’ ऐकून आनंदाने विचारलं, ‘छोटा नागपूर?’ त्याचे पूर्वज तिकडून, रांचीकडून, जंगलात काम करायला आणलेले. अशी बरीच कुटुंबं तिथे आहेत. आम्ही मोठ्या नागपूरचे, म्हटलं. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही.

परवाना, फोन, पैसे?

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी परवाना लागत नाही. निकोबारला मात्र असा सहज जाता येत नाही. ओळखपत्र बोटीच्या प्रत्येक तिकिटाला लागतं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून गावात इंटरनेट बरं चालतं, बेटांवर कधी आहे कधी नाही. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.

बॅरन बेटाचा ज्वालामुखी दिसतो का?

गावातून नाही. दक्षिण आशियातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे आणि बेटावर उतरता येत नाही.

येताना काय आणावं?

किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलू नका, मेलेला तुकडासुद्धा. वन्यजीव कायदा लागू होतो आणि विमानतळावर बॅगा तपासतात. माझ्या पुतणीच्या खिशातून असाच एक पांढरा तुकडा निघाला, रडारड झाली, आणि तो तिथेच ठेवून यावं लागलं. पडौकच्या लाकडाच्या छोट्या वस्तू घ्या, पावती मात्र सांभाळा. आणि जाताना संत्रा बर्फीचे दोन डबे जास्त न्या. आमच्या बोटवाल्याला एक डबा दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याने रॉसला अर्धा तास जादा थांबू दिलं.